हात स्वच्छ दिसतोय ना, मग कशाला धुवायचा? नर्सेस आणि इन्फेक्शन कंट्रोल, सोप्या भाषेत

मी नाईट ड्युटीला नवीन होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात चार पेशंटना युरिन कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी होती, पहाटे युरोबॅग, म्हणजे त्या नळीच्या पिशव्या, रिकाम्या करून आउटपुट चार्टवर लिहायचं असतं, आणि मी एकच ग्लोव्हजची जोडी घालून एकापाठोपाठ एक चारही बॅगा रिकाम्या केल्या, कारण ग्लोव्हज घातलेत म्हणजे झालं की, असं डोक्यात. इंचार्ज सिस्टर त्या दिवशी लवकर आल्या होत्या, दारातून बघत होत्या. ओरडल्या नाहीत. जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "हे ग्लोव्हज कुणासाठी घातलेस गं?" आणि मला उत्तर माहीत होतं हो. परीक्षेत विचारलं असतं तर मी नीट लिहिलं असतं की प्रत्येक पेशंटला वेगळे ग्लोव्हज, काढल्यावर लगेच हात स्वच्छ करायचे. पण ते ग्लोव्हज मी पेशंटसाठी घातलेच नव्हते, माझ्यासाठी घातले होते.

आता ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं की नर्सेसना इन्फेक्शन कंट्रोलबद्दल किती माहिती आहे आणि त्यांना त्याबद्दल काय वाटतं यावर जगभर ढिगाने सर्व्हे होतात, नर्सिंगच्या मुलामुलींच्या प्रोजेक्टचा तर हा अगदी ठरलेला विषय, आणि त्यांचे निकाल वाचायचे कसे हे मात्र कुणी समजावून सांगत नाही. या सर्व्हेत साधारण तीन गोष्टी मोजतात. एक म्हणजे ज्ञान, म्हणजे माहिती आहे का. दुसरा दृष्टिकोन, म्हणजे हे महत्त्वाचं वाटतं का, आपली जबाबदारी वाटते का, कटकट वाटते का. आणि तिसरी कृती, म्हणजे प्रत्यक्ष करतात का. आणि बहुतेक वेळा चित्र असं येतं की दृष्टिकोन छान, ज्ञान बऱ्यापैकी पण मधेमधे भोकं असलेलं, आणि कृती सगळ्यात मागे. मग शेवटी शिफारस ठरलेली, ट्रेनिंग वाढवा. मला इथेच अडतं. ज्याला माहीत आहे त्यालाच परत तेच शिकवून हात कसा हलणार?

पण आधी मुळापासून घेऊ, कारण हे वाचणारे सगळेच हॉस्पिटलमधले नसतील.

माणूस एका आजारासाठी ॲडमिट होतो आणि तिथे आल्यावर त्याला दुसरंच इन्फेक्शन लागतं, जे येताना नव्हतं, त्याला हॉस्पिटलमधून लागलेलं इन्फेक्शन म्हणतात. ढोबळ नियम असा की ॲडमिट झाल्यावर 48 तासांनंतर दिसायला लागलं तर ते इथलं असण्याची शक्यता धरायची. मुख्य प्रकार चार. लघवीच्या कॅथेटरमुळे होणारं, सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या नसेत घातलेल्या नळीतून, रक्तात जाणारं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला होणारा न्यूमोनिया, आणि ऑपरेशनच्या जखमेतलं. यातल्या पहिल्या तिन्हींत शरीरात काहीतरी नळी घातलेली आहे हे बघा, कातडी किंवा घसा जी भिंत असते ती आपणच ओलांडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये जो रिपोर्ट काढला त्यात आकडा असा आहे की ॲडमिट झालेल्या दर 100 पेशंटमागे श्रीमंत देशांत 7 जणांना आणि मध्यम व गरीब देशांत 15 जणांना असं किमान एक तरी इन्फेक्शन होतं, आणि ज्यांना होतं त्यांच्यातला सरासरी दहातला एक दगावतो. हे वाचून कुणाला भीती वाटली तर वाटू दे, कारण याच रिपोर्टमध्ये हेही आहे की हात स्वच्छ ठेवणं आणि बाकीच्या साध्या पद्धती नीट पाळल्या तर यातली 70 टक्क्यांपर्यंत इन्फेक्शन टळू शकतात.

बरं, जंतू येतात कुठून? इथे भल्याभल्यांची गडबड होते. त्याच संघटनेची हात स्वच्छतेवरची एक प्रश्नावली आहे जी खूप ठिकाणी वापरतात, त्यात विचारलंय की हॉस्पिटलमधल्या इन्फेक्शनचे जंतू सगळ्यात जास्त कुठून येतात, पाणी, हवा, आजूबाजूच्या वस्तू, की पेशंटच्या स्वतःच्याच अंगावरचे आणि अंगातले. बरोबर उत्तर शेवटचं. आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर, नाकात, आतड्यात जंतू राहतात आणि तिथे ते मुकाट असतात, पण तेच जंतू आतड्यातून लघवीच्या मार्गात किंवा कातडीवरून रक्तात पोचले की आजार. आणि ते पोचवणारं वाहन कोणतं, तर बहुतेक वेळा स्टाफचा हात. एका पेशंटच्या कातडीवरून त्याच्याच सलाइनच्या तोंडाशी, किंवा एका बेडवरून दुसऱ्या बेडवर. हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि हे नाही कळलं तर माणूस फरशी पुसण्यावर आणि फिनाईलच्या वासावर समाधान मानतो. फरशी पुसायला हवीच, ती कुणी बंद करू नका, पण पेशंटला फरशी हात लावत नाही, आपण लावतो.

वस्तूंचं मात्र अगदीच दुर्लक्ष करून चालत नाही, कारण बेडचं रेलिंग, मॉनिटरची बटणं, सलाइनचा पंप, टेबल, या कोरड्या जागांवर काही जंतू कितीतरी दिवस जिवंत राहतात, काही तर महिनोन्‌महिने. म्हणून पेशंटला हात न लावता नुसता पंपचा अलार्म बंद केला तरी हात स्वच्छ करायचा असतो. हे सांगितलं की नवीन मुली हमखास विचारतात, "पण मी तर पेशंटला टचसुद्धा केलं नाही!"

यासाठीच हात स्वच्छ करायचे ते पाच क्षण आहेत, जे हॉस्पिटलमधल्या पोस्टरवर स्टाफमधल्या सगळ्यांनी बघितलेले असतात आणि पाठही असतात. पेशंटला हात लावण्याआधी. काही स्वच्छ काम करण्याआधी, म्हणजे इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, लाइनला हात लावणं वगैरे. रक्त, लघवी, थुंकी अशा कशाचा संपर्क झाल्यावर किंवा झाल्याची शक्यता असली तर. पेशंटला हात लावल्यानंतर. आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यातली मेख अशी आहे की प्रत्येक पेशंट आणि त्याचा बेड, टेबल, मशीन हे सगळं मिळून एक घर समजायचं, आणि त्या घराचा उंबरठा ओलांडताना आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ. आणि घराच्या आतसुद्धा, मळक्या कामाकडून स्वच्छ कामाकडे जाताना परत एकदा. म्हणजे तुम्ही पेशंटला कूस वळवून पाठ पुसलीत आणि तसंच त्याच्या आयव्ही लाइनमध्ये, म्हणजे सलाइनच्या नळीत, औषध दिलंत, तर बेड एकच, पेशंट एकच, तरी गडबड झालीच.

आता हे पाच क्षण नीट बघितले तर दोन "आधी"चे आहेत आणि तीन "नंतर"चे. जिथे जिथे उभं राहून निरीक्षण केलंय तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते, नंतरचं पाळलं जातं आणि आधीचं सुटतं. मला हे या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबते.

ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी 2006 मध्ये नर्सेसशी बोलून हात धुण्यामागचं मानसशास्त्र मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हात धुण्याचे दोन प्रकार असतात. एक उपजत. हाताला काही चिकट लागलं, लघवी लागली, काखेत-जांघेत हात गेला, किंवा नुसतं घाण वाटलं तरी माणूस आपोआप नळाकडे जातो, त्याला कुणी सांगावं लागत नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. आणि दुसरा प्रकार म्हणजे ठरवून करायचा. नाडी बघितली, बीपी घेतलं, खांद्यावर हात ठेवून धीर दिला, चादर सारखी केली. इथे हात घाण वाटतच नाही. मनाला वाटतं की आपण तर एखाद्या माणसाला सहज हात लावला, जसा रोज कुणालाही लावतो. मग हा हात धुण्याची आतून ढकलणी येतच नाही, ती बाहेरून लावून घ्यावी लागते, सवयीने, बाटली समोर असण्याने, शेजारची सिस्टर करताना दिसण्याने.

म्हणजे काय झालं? उपजत हात धुणं आपल्याला वाचवतं. ठरवून हात धुणं पेशंटला वाचवतं. आणि म्हणूनच जेव्हा एखाद्या सर्व्हेत 95 टक्के नर्सेस "हात धुणं अत्यंत महत्त्वाचं आहे" यावर टिक करतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं, पण ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर जो हात असतो तो मळलेला हात असतो. स्वच्छ दिसणारा हात डोळ्यांसमोर येतच नाही. माझ्या त्या युरोबॅगचंही तेच झालं होतं, मला माझा हात लघवीपासून वाचवायचा होता तो वाचला, पहिल्या बेडचे जंतू दुसऱ्या बेडपर्यंत गेले की काय ही गोष्ट ग्लोव्हजच्या बाहेरच्या बाजूला घडत होती आणि तिथे मला काहीच जाणवत नव्हतं.

ग्लोव्हजचा विषय निघालाच आहे तर सांगते. इंग्लंड आणि वेल्समधल्या 15 हॉस्पिटल्समध्ये निरीक्षण केलं होतं, 2011 मध्ये छापून आलंय, त्यात ग्लोव्हज न घातलेल्या वेळी हात स्वच्छ करण्याचं प्रमाण 50 टक्के होतं आणि ग्लोव्हज घातलेल्या वेळी साधारण 41. म्हणजे ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ करणं कमी होतं. ग्लोव्हजला बारीक छिद्रं असू शकतात, आणि काढताना हाताला बाहेरची बाजू लागतेच, म्हणून काढल्यावर हात स्वच्छ करायचाच. आणि घालण्याआधीही, कारण मळक्या हाताने बॉक्समध्ये हात घातला की आतले सगळे ग्लोव्हज मळले. ग्लोव्हज घातलेल्या हाताने फाइल लिहिणं, फोन उचलणं, दाराचं हँडल उघडणं, हे तर इतकं दिसतं की आता कुणाला खटकतही नाही. रक्त, लघवी, जखम, अशा ओल्या गोष्टींशी संबंध येणार असेल तर ग्लोव्हज. नुसतं बीपी घ्यायला, पेशंटला चालवायला ग्लोव्हज लागत नाहीत, तिथे स्वच्छ उघडा हात जास्त चांगला.

ज्ञानातली बाकीची भोकं म्हणाल तर काही अगदी ठरलेली आहेत. हँडरबने, म्हणजे पाण्याशिवाय हातावर चोळायच्या अल्कोहोलवाल्या औषधाने, हात कोरडे पडतात आणि साबण बरा, असं खूप जणींना वाटतं, पण आहे उलटं. चांगल्या हँडरबमध्ये ग्लिसरीनसारखं मऊ ठेवणारं काहीतरी असतं, सारखं साबण-पाणी हाताला जास्त कोरडं करतं. चिरलेल्या हातावर हँडरब झोंबतं हे मात्र खरंय, पण कातडी आधी साबणाने चिरलेली असते आणि दोष जातो हँडरबला. दुसरं, हँडरबपेक्षा साबण जास्त जंतू मारतो असंही वाटतं, कारण फेस दिसतो, धुतल्यासारखं वाटतं. हात डोळ्यांना मळका दिसत नसेल तर हँडरबच जास्त परिणामकारक आणि झटपट. तळव्यावर भरपूर घेऊन 20 ते 30 सेकंद, बोटांच्या मधे, अंगठा, नखांची टोकं, मनगट, सगळीकडे, आणि वाळेपर्यंत चोळायचं, पुसायचं नाही. साबणाने धुवायचं तर पूर्ण प्रकार 40 ते 60 सेकंदांचा. अंगठा आणि बोटांची टोकं या दोन जागा सगळ्यात जास्त सुटतात, आणि पेशंटला सगळ्यात आधी लागतात त्याही त्याच. साबणच लागतो तो कधी, तर हाताला दिसेल अशी घाण किंवा रक्त लागलं असेल, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जंतूमुळे जुलाब होत असलेला पेशंट असेल, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते पाण्याने वाहूनच घालवावे लागतात.

मास्कचंही तसंच. टीबी, गोवर, कांजिण्या हे हवेतून लांबवर पसरणारे आजार, तिथे साधा सर्जिकल मास्क स्टाफला पुरत नाही, एन95 लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसलाय का हे तपासून, कडेने हवा जात असेल तर त्याचा उपयोग नाही. बाकी अनेक आजारांत सर्जिकल मास्क पुरतो. आणि स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणजे काय, तर रिपोर्ट काहीही असो, प्रत्येक पेशंटशी एकाच काळजीने वागायचं. ही कल्पना 1980 च्या दशकात एचआयव्ही आल्यावर आधी रक्तापुरती सुरू झाली आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने 1996 मध्ये तिला आजचं रूप दिलं. तरी अजूनही कितीतरी ठिकाणी "पेशंट पॉझिटिव्ह आहे का?" हे विचारून मग ग्लोव्हज घालायचे की नाही ते ठरवलं जातं. हा ज्ञानाचा प्रश्न की दृष्टिकोनाचा? मला तर दोन्ही वाटतं. पॉझिटिव्ह असलेल्या माणसाला वेगळी वागणूक मिळते, आणि ज्याची टेस्टच झालेली नाही त्याच्याबाबतीत आपण बेसावध राहतो, म्हणजे दोघांचंही नुकसान आणि आपलंही.

सुई टोचण्याबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण इथे नर्सच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तरीही लपवाछपवी सगळ्यात जास्त इथेच. लक्षात ठेवायला सोपा म्हणून एक ढोबळ हिशोब शिकवतात, पेशंटला आजार असेल आणि त्याची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी चा धोका 30 टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी चा 3 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि एचआयव्हीचा 0.3 टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि बी ची लस पूर्ण करायचं राहून जातं, ज्या आजाराचा धोका शंभर पट आहे आणि ज्यावर लस आहे. टोचलं तर पिळायचं नाही, ब्लेडने कापायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, 72 तासांच्या आत सुरू व्हायलाच हवं आणि 28 दिवस घ्यायचं. आणि वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, दोन हातांनी तर अजिबातच नाही, सुई थेट शार्प्स बॉक्समध्ये, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायच्या टणक डब्यात. हे जवळपास सगळ्यांना माहीत असतं. मग टोपण का लावतात? कारण शार्प्स बॉक्स वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि उघडी सुई हातात घेऊन दहा बेड ओलांडून चालत जाण्यापेक्षा टोपण लावणं तिला सुरक्षित वाटतं! त्या क्षणी तिच्या जागी उभं राहून बघा, तिचं काय चुकलं? बॉक्स ट्रॉलीवर नाही हे चुकलं. आणि टोचल्यावर कळवत का नाहीत, तर कळवलं की पहिला प्रश्न "लक्ष कुठे होतं तुझं?" असा येतो. एकदा हे ऐकलेली मुलगी दुसऱ्यांदा कळवत नाही, शेजारणीलाही सांगते की काही फायदा नाही, उगाच बोलणी खाशील.

आता वेळेचं गणित करू, कारण "वेळ मिळत नाही" हे कारण ऐकलं की मॅनेजमेंटवाले हसतात आणि मला राग येतो. समजा गंभीर पेशंट आहे आणि एका तासात हात स्वच्छ करायचे 20 प्रसंग आले, आयसीयूत हे सहज येतात. साबणाने एक मिनिट धरलं तर 20 मिनिटं, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं वेगळं. तासातली वीस मिनिटं नुसतं हात धुण्यात! हे कुणालाही शक्य नाही. तेच हँडरबने 20 सेकंद धरले तर सात मिनिटांपेक्षा कमी, आणि बाटली बेडच्या पायथ्याशी असेल तर चालणं शून्य. जिनिव्हाच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये डिडिए पिटे आणि त्यांच्या टीमने 1994 मध्ये जे मोजलं त्यात हात स्वच्छतेचं प्रमाण एकूण 48 टक्के होतं, नर्सेसचं 52 आणि डॉक्टरांचं 30, आणि सगळ्यात कमी कुठे, तर आयसीयूत, जिथे सगळ्यात जास्त गरज. जितके प्रसंग जास्त तितकं पालन कमी. त्यांनी मग बेडजवळ हँडरब ठेवलं, पोस्टर लावली, मोजून निकाल परत वॉर्डांना दाखवले, वरच्या लोकांना त्यात उभं केलं, आणि 1997 पर्यंत ते प्रमाण 66 टक्क्यांवर गेलं, आणि त्याच काळात हॉस्पिटलमधलं इन्फेक्शन जवळपास 17 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेचे 2009 चे नियम यातूनच पुढे आले. हे आकडे 100 वर गेले नाहीत हेही बघा. इतकं सगळं करूनही 66.

आणि कामाला हात किती, म्हणजे नर्सेस किती, हा हिशोबही यातलाच आहे. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या 161 हॉस्पिटल्सचा अभ्यास 2012 मध्ये आला होता, त्यात एका नर्सकडे एक पेशंट वाढला की दर हजार पेशंटमागे लघवीचं साधारण एक इन्फेक्शन वाढलेलं दिसलं, आणि नर्सेसचा थकवा, म्हणजे कामाने मन करपून जाणं, हा त्यामागचा मोठा दुवा निघाला. नाईटला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड देऊन सकाळी तिला पाच क्षणांचं लेक्चर द्यायचं, यात मला काही अर्थ दिसत नाही.

आता दृष्टिकोनाची दुसरी बाजू, मान आणि अपमानाची. ही जुनी आहे. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते, एकात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी, आणि डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी कितीतरी पटीने जास्त मरत. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात. मे 1847 पासून त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं, आणि एप्रिलमध्ये 18 टक्क्यांवर असलेला मृत्यूदर जून-जुलैपर्यंत 2 टक्क्यांच्या आसपास आला. इतका लख्ख पुरावा असूनही त्याचं म्हणणं बहुतेकांनी मानलं नाही, कारण मानायचं म्हणजे हे कबूल करायचं की त्या बायका आपल्याच हातांनी गेल्या. ते कुणाला झेपणार? 1865 मध्ये मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, जखम चिघळून. माहिती होती, आकडे होते, पण मानायला जड होतं. आजही एखाद्या सिस्टरने मोठ्या डॉक्टरला "सर, हँडरब" एवढं म्हणायचं धाडस केलं तर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा.

म्हणून मला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचं उदाहरण फार आवडतं. तिथे पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरने सेंट्रल लाइन घालताना करायच्या पाच गोष्टींची साधी यादी केली, हात स्वच्छ करा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी साफ करा, पेशंटला पूर्ण झाका आणि स्वतः टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्हज घाला, जमेल तिथे जांघेची नस टाळा, आणि लाइनची गरज संपली की काढून टाका. यात नवीन काहीच नव्हतं, प्रत्येक डॉक्टरला हे माहीत होतं. नवीन होतं ते असं की यातली एखादी गोष्ट सुटली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला, आणि तिच्या मागे मॅनेजमेंट उभं राहील हे आधी सांगून दिला. नंतर हेच मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये केलं, आणि 2006 मध्ये जे निकाल छापून आले त्यात दर हजार लाइन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन असली की एक लाइन-दिवस) इन्फेक्शनचा सरासरी दर 7.7 वरून दीड वर्षात 1.4 वर आला होता. त्या नर्सेसचं ज्ञान एका रात्रीत वाढलं नव्हतं, त्यांच्या बोलण्याला वजन मिळालं होतं.

कॅथेटरचंही असंच आहे. रोज सकाळी राउंडला "सर, हा कॅथेटर अजून लागतोय का?" एवढा प्रश्न सिस्टरने विचारला आणि नको असेल तर तो निघाला, तर जो कॅथेटर नाहीच त्याचं इन्फेक्शन होणार कुठून. हा प्रश्न विचारायला पुस्तकी ज्ञान किती लागतं आणि हिंमत किती लागते याचा विचार सर्व्हे करणाऱ्यांनी करावा.

अजून एक छोटा पण माझ्या मनात घर करून बसलेला प्रयोग. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये साबणाच्या आणि हँडरबच्या बाटल्यांजवळ दोन वेगवेगळ्या पाट्या लावल्या. एकीवर अर्थ असा की हात स्वच्छ केल्याने तुम्हाला आजार लागत नाहीत, दुसरीवर असा की पेशंटला आजार लागत नाहीत. बाकी सगळं सारखं. तुम्हाला काय वाटतं, कुठल्या बाटलीतलं जास्त संपलं? पेशंटवालीतलं. हा अभ्यास 2011 मध्ये आला. स्टाफला स्वतःबद्दल वाटतं की आपण रोज यात वावरतो, आपल्याला काही होत नाही, पण समोरचा पेशंट कमजोर आहे हे त्यांना मनापासून कळतं. म्हणजे माया आहेच, ती कुणी शिकवायची गरज नाही, फक्त त्या स्वच्छ दिसणाऱ्या हाताच्या क्षणी ती आठवायला पाहिजे.

आता सर्व्हेकडे परत येते. प्रश्नावलीत "तुम्ही पेशंटला हात लावण्याआधी हात स्वच्छ करता का?" याला "नेहमी" असं उत्तर येतं, आणि कुणीतरी कोपऱ्यात उभं राहून मोजलं की आकडा बराच खाली असतो. आणि मोजतंय हे कळलं की परत वर जातो, कारण कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो. म्हणून स्वतः भरलेल्या फॉर्मवरून कृती मोजली असं लिहिणारा प्रोजेक्ट दिसला की मी तो आकडा बाजूला ठेवते. फॉर्मवरून ज्ञान कळतं, थोडाफार दृष्टिकोन कळतो. कृती डोळ्यांनी बघावी लागते, किंवा महिन्याला किती लिटर हँडरब संपलं यावरून अंदाज घ्यावा लागतो, आणि त्या मोजण्याचा निकाल कुणाला शिक्षा करायला वापरायचा नाही हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्यात बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या जातील.

नर्सिंगचं कुणी हे वाचत असेल आणि हाच विषय प्रोजेक्टला घेतला असेल तर माझं ऐका, तुमच्या प्रश्नावलीत चार प्रश्न माझ्याकडून घाला. तुमच्या बेडपासून हँडरबची बाटली किती पावलांवर आहे? शेवटची रिकामी बाटली कधी मिळाली आणि भरायला किती वेळ लागला? सीनियरने हात स्वच्छ केला नाही तेव्हा तुम्ही शेवटचं कधी बोललात, आणि पुढे काय झालं? सुई टोचली तर कुणाला सांगाल, आणि ती व्यक्ती पहिलं वाक्य काय बोलेल? आणि फॉर्म गोळा करून झाले की घरी जाऊ नका, पहाटे युरोबॅग रिकाम्या करायच्या वेळी वॉर्डात जाऊन गुपचूप वीस मिनिटं उभ्या राहा.